चार बोटांचा काळा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना गाळ आहे. जुनी छत्री, जुनी खुर्ची, जुनं घड्याळ असे म्हातारे तुम्हाला भेटले असतील, पण त्यांनी माझ्यापुढे वयाच्या गोष्टी करू नयेत. माझा सगळ्यात वरचा थर चार हजार वर्षांचा आहे आणि सगळ्यात खालचा सहा हजार वर्षांचा. मीटरभर लांबीच्या, उभ्या चिरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीत मी पडून असतो. पत्ता विचाराल तर प्रयोगशाळेची कोल्ड रूम, तिसरी मांडणी, खालून दुसरी फळी. रंग हिरवट करडा. मी काही देखणा नाही, हे मला मान्य आहे.

माझा जन्म एका दिवसात झाला नाही. समुद्राच्या वरच्या पाण्यात प्लवक नावाचे इवलेसे जीव राहतात. लाट नेईल तिकडे जायचं, ऊन खायचं, एकमेकांनाही खायचं, असं त्यांचं आयुष्य. काहींच्या अंगावर चुन्याचं कवच असतं, आणि काही बिचारे नुसतेच, उघड्या अंगाचे. मेले की सगळे सावकाश खाली येतात. ते येत राहिले, मी साठत राहिलो. वीस वर्षांत जेमतेम एक सेंटीमीटर. मला घाई नव्हती.

मग एके दिवशी वरून एक पोलादी पाइप सणसणत आला आणि माझ्यात घुसला. त्याच्या डोक्यावर मणामणाचं शिसं होतं. पाइपाच्या आत प्लॅस्टिकची नळी होती, तिच्यात मी अडकलो आणि ओढला जात थेट जहाजाच्या डेकवर आलो. इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता. तिथे मला पहिलं माणूस दिसलं. ती एक तरुण बाई होती. बोट लागून लागून तिचा चेहरा माझ्यासारखाच हिरवट करडा झाला होता. लांबलचक नळीचे मीटर-मीटरचे तुकडे करायचं काम चाललं होतं आणि ती प्रत्येक तुकड्यामागे धावत होती.

"वरची बाजू कुठली?" ती खलाशाला विचारत होती.

"दोन्हीकडून सारखाच तर दिसतोय, ताई."

"दिसू दे. आधी बाण काढते, मग उचला. हा उलटा ठेवला तर नातू आजोबांच्या आधी जन्माला येईल."

खलाशी हसला. तिने खडूने माझ्या नळीवर बाण काढला, "वर" असं लिहिलं, आणि लगेच कठड्याकडे पळाली. परत आली ती तोंड पुसत, आणि पुढच्या तुकड्यावर बाण काढायला बसली. तेव्हाच मला ती आवडली.

किनाऱ्यावर आल्यावर माझी नळी करवतीने दोन्ही बाजूंनी उभी कापली आणि मधून एक बारीक तार ओढली. एकाचे दोन झाले. मी आणि माझा जुळा भाऊ. दोघांच्या अंगावर तेच थर आणि तेच पट्टे, आणि दोघांच्या मध्यावर चार बोटं रुंदीचा एक काळा पट्टा. तिने भावावर लिहिलं, "कामाचा". माझ्यावर लिहिलं, "उघडू नये. राखून ठेवावा."

तिचे साहेब शेजारीच उभे होते. "अगं, दोन्ही वापर की. नमुने जास्त मिळतील."

"एक पुरेल, सर. दुसरा पुढच्यांसाठी."

"पुढचे म्हणजे कोण?"

"ते मला कसं माहीत असणार? पण त्यांना काहीतरी सुचेल, जे मला आज सुचत नाही."

साहेबांनी खांदे उडवले. मला प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून अंधारात ठेवलं, आणि भावाला उजेडात नेलं.

खरं सांगतो मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. भावाची चंगळ होती. ती त्याच्यातून छोट्या चमच्याने गाळ काढायची, बारीक चाळणीवर धुवायची आणि उरलेली कवचं सूक्ष्मदर्शकाखाली मांडायची. चार-सहा केसांच्या कुंचल्याचं टोक ओलं करून ती एकेक कवच उचलायची, जात ओळखायची आणि हातातल्या यंत्रावर टक् करून मोजायची. तिच्या टेबलावर चहापेक्षा चाळण्याच जास्त असत, म्हणून सगळे तिला चाळणीबाई म्हणू लागले. भाऊ परत फळीवर आला की मला सगळं सांगायचा. त्याच्या अंगावर दर खेपेला नवीन खड्डे असत, आणि त्यांचीही तो ऐट मिरवी.

त्या काळ्या पट्ट्यात मात्र तिला एकही कवच सापडलं नाही. वर हजारो, खाली हजारो, मधली चार बोटं रिकामी. तिने दोनदा, तीनदा, दहादा चाळून पाहिलं. शेवटी लिहिलं की त्या काळात इथला समुद्र ओस पडला होता, तरंगते जीव मरून गेले होते. या शोधाने तिचं नाव झालं. दूरदूरहून लोक काळा पट्टा बघायला आले, आणि सगळ्यांनी पाहिला तो भावाचा. माझ्याही अंगावर तोच पट्टा होता, पण माझ्याकडे कोण बघणार?

वर्षं गेली. खड्डे पडून पडून भाऊ एक दिवस संपलाच. त्याच्या रिकाम्या नळीत कुणीतरी माती भरून मनी प्लांट लावला. तो खिडकीत छान वाढला असं ऐकतो. भावाला ते आवडलं असतं. पण माझ्या शेजारची जागा मोकळी झाली आणि मी अगदी एकटा पडलो.

एकटा म्हटलं, पण गारठेकाका होते. त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. कोल्ड रूम सांभाळता सांभाळता त्यांना ते नाव चिकटलं. कानाला मफलर, अंगात दोन स्वेटर, आणि बाहेर कडक ऊन. रोज सकाळी आत येऊन ते म्हणत, "काय मंडळी, गार आहात ना?" मग तापमान बघून वहीत लिहीत. चार अंशांचं साडेचार झालं तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. एकदा कुणीतरी माझ्या फळीवर वाढदिवसाचा केक आणून ठेवला होता. काकांनी तो दोन बोटांनी उचलून बाहेर नेला आणि कॉरिडॉरभर ऐकू जाईल असं विचारलं, "हा कोणत्या समुद्रातून काढलाय?" माझ्या चिठ्ठीवरची शाई दरवर्षी फिकी व्हायची, आणि दरवर्षी ते तिच्यावरून पेन फिरवायचे. अक्षर त्यांचं, शब्द चाळणीबाईंचे.

पुढे चाळणीबाई निवृत्त झाल्या. मग एका दुपारी नव्या संचालक मॅडम हातात यादी घेऊन आल्या. प्रयोगशाळेला नवीन यंत्रं ठेवायला जागा हवी होती. ज्या नळ्या वीस वर्षांत कुणी उघडल्या नाहीत, त्या टाकायच्या असं ठरलं होतं. त्या यादीत मी होतो.

मी समुद्राचं वजन सोसलं आहे, पण त्या कागदाइतकं जड मला काही वाटलं नव्हतं. समुद्रातून मला कशासाठी उचललं होतं? कुणी एकदाही न पाहता फेकून देण्यासाठी?

गारठेकाकांनी यादी वाचली. मफलर सैल केला. म्हणाले, "मॅडम, यादीतली ही तिसरी नळी राहू द्या."

"का? हिच्यावर तर तीस वर्षांत काहीच काम झालेलं नाही."

"काम करू नका असंच लिहिलंय हिच्यावर. राखून ठेवा म्हणून."

"कशासाठी राखायची, काका?"

"ते मला नाही ठाऊक. पण मी नोकरीला लागलो त्याच्या आधीपासून राखलीय. टाकायची असेल तर आधी कुणालातरी विचारू. विचारायला काय लागतं?"

मॅडमना थंडी वाजत होती. दोन्ही हात काखेत धरून त्यांनी वाकून माझी चिठ्ठी वाचली. मग म्हणाल्या, "बरं. सगळ्या विभागांना विचारते. आठ दिवस थांबू."

आठ दिवस लागलेच नाहीत. दुसऱ्याच दिवशी एक बाई धापा टाकत आली. ती नुकतीच दुसऱ्या इमारतीत रुजू झाली होती आणि हातांवर एकावर एक दोन मोजे घालायची, म्हणून काकांनी तिचं नाव हातमोजेवाली ठेवून टाकलं.

"काका, खरंच कुणी उघडलेली नाही? कुणी हातसुद्धा लावलेला नाही?"

"चिठ्ठीला मी लावलाय."

"आणि तापमान?"

काकांनी वह्यांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. ती वाचत गेली आणि तिथेच, थंडीत, उकिडवी बसली. "अशी नळी मी दोन वर्षं शोधतेय," ती म्हणाली.

काकांना राहवलं नाही. "पण हिच्यात आहे काय?"

"कवच म्हणजे घर, असं समजा. घर पडलं तरी राहणाऱ्याची एखादी बारीकशी खूण मातीत उरते. तिला डीएनए म्हणतात. थंडीत आणि अंधारात ठेवली, कुणाचा हात लागला नाही, तर ती टिकते. मी ती वाचते."

मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं. भावाचे लाड झाले, पण उजेडाने आणि हातांनी त्याच्यातल्या खुणा पुसल्या होत्या. मला मात्र कुणीतरी रोज जपत होतं, आणि मी त्याला दुर्लक्ष म्हणून नावं ठेवत होतो.

पायापासून डोक्यापर्यंत पांढरे कपडे घालून तिने मला उघडलं. काकांनाही तोंडावर पट्टी बांधायला लावली. वरची साल खरवडून बाजूला केली, आतला स्वच्छ गाळ घेतला, तोही चिमूटभर. काळ्या पट्ट्यातून सात चिमटी. मला मुळीच दुखलं नाही.

काही महिन्यांनी ती परत आली, पण चेहरा उतरलेला होता. काका म्हणाले, "काही निघालं नाही वाटतं?"

"खूप निघालं. तेच तर." ती फळीला टेकली. "काळ्या पट्ट्यात जीव होते, काका. भरपूर. उघड्या अंगाचे होते, कवचवालेही होते. तळाशी पाणी आंबट झालं आणि चुन्याची कवचं त्यात विरघळून गेली. समुद्र ओस पडलाच नव्हता. आता हे मी चाळणीबाईंना कोणत्या तोंडाने सांगू? त्यांचं सगळं नाव या पट्ट्यावर आहे."

काकांनी विचार केला. "तू नको सांगू. त्यांना इथे बोलाव. गाळ त्यांचाच आहे."

चाळणीबाई आल्या. केस पांढरे झाले होते, एका गुडघ्यात दुखत होतं, काकांचा हात धरून त्या माझ्यापर्यंत पोचल्या. हातमोजेवालीने कागद पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला.

"किती जाती?"

"तेवीस, बाई. त्यातल्या नऊ कवचवाल्या."

"म्हणजे मी चुकले."

"तसं नाही, त्या काळी ही सोयच नव्हती..."

"तसंच आहे गं. दिसलं नाही म्हणून मी नाही म्हटलं." त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. "तीस वर्षं मला या चार बोटांचं वाईट वाटायचं. हजारो जीव एकदम गेले असतील, कसे गेले असतील. आणि हे आपले मजेत तरंगत होते."

"मी काय लिहू, बाई?"

"माझी चूक पहिल्या ओळीत लिही. नाहीतर तुला काय सापडलं ते लोकांना कळायचं कसं? आणि ती नऊ नावं मला वाचून दाखव. सावकाश."

हातमोजेवालीने एकेक नाव वाचलं. प्रत्येक नावाला चाळणीबाई मान हलवत होत्या, हरवलेल्या लेकराचं नाव ऐकावं तशी. मग त्यांनी मोजा मागून घेतला, हातावर चढवला आणि माझ्या नळीवर, अगदी काठाला, हळूच थोपटलं. माझ्यावर चिठ्ठी लिहिली त्यानंतर एवढ्या वर्षांनी त्यांचा हात मला पुन्हा लागला.

आता मी यादीत नाही. हातमोजेवालीने माझा बराचसा भाग तसाच ठेवला आहे. हल्ली शाळेची मुलंही मला बघायला येतात. परवा एक छोटी मुलगी नाक दाबून म्हणाली, "हा तर चिखल आहे." बरोबर आहे तिचं. मी चिखलच आहे. पण या चिखलात जे लिहिलेलं आहे, त्यातलं अजून थोडंच वाचून झालंय. बाकीचं कदाचित ती वाचेल.

तेव्हा मित्रांनो, तुम्हीही या. हात लावू नका, एवढं ऐका. गारठेकाकांना दोन प्रश्न जास्त विचारा, ते खुलतात. आणि जाताना दार नीट ओढून घ्या. कडी बसल्याचा आवाज आला की मगच निघा. बोटभर फट राहिली तरी आत ऊब येते, आणि मला अजून पुष्कळ वर्षं गार राहायचं आहे.