कॅमेऱ्यावरची टिकली

"हर्षाली, त्याचा डोळा उघडाय गं!" अवसरीच्या घरात साळुबाई सुनेला म्हणाल्या. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्याजवळचा दिवा लागला होता आणि समोर हर्षालीची छोटी अक्षदा परकर फिरवत नाचत होती.

हर्षाली हसली. "आत्या, यंत्र आहे ते. त्याची कुठं दृष्ट लागते?"

साळुबाईंनी कपाळाची टिकली काढली आणि त्या डोळ्यावर चिकटवली.

मित्रांनो, त्याच टेबलाच्या खणात पडलेला मी एक जुना पेनड्राइव्ह. एके काळी हर्षालीचा कॉलेजचा प्रोजेक्ट पोटात घेऊन मी तिच्या गळ्यात मिरवलो होतो. पुढं रबरबँड आणि संपलेल्या रिफिली हीच माझी सोबत.

दुसऱ्या दिवशी टिकलीच्या कडेनं पुन्हा उजेड झिरपला. कॉम्प्युटरजवळ कुणी नव्हतं. हर्षालीनं व्हायरसची तपासणी लावली, तर पडद्यावर हिरवी खूण: सगळं ठीक! तिनं नारायणगावला भावाला फोन लावला. सुदर्शनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"ताई, चोरालाच राखणीला बसवल्यावर तो काय सांगणार? कॉम्प्युटर जागा झाला, की तोपण जागा. त्याला झोपेतच धरू. इंटरनेट तोड नि एखादा पेनड्राइव्ह घेऊन ये."

दुकानात माझा प्रोजेक्ट पुसला गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सुदर्शननं माझ्यात कॉम्प्युटर चालवणारी एक छोटी, स्वतंत्र यंत्रणा भरली.

घरी येऊन हर्षालीनं मला जोडलं, बटण दाबलं आणि यादीतून मला निवडलं. मित्रांनो, काय सांगू! नेहमीची यंत्रणा उठलीच नाही. तो एवढा मोठा कॉम्प्युटर माझ्या श्वासावर जागा झाला! मी अंगठ्याएवढा आणि समोर अख्खं घर फायलींत निजलेलं. अक्षदाचं बारसं, तिचं पहिलं पाऊल, सासरे सावळाराम यांच्या बैलांची शर्यतीच्या घाटातली दौड. यात्रा उठून गेल्यावर माळ ओस पडावा, तसं सगळं निःशब्द. त्यातच शर्यतीच्या शूटिंगचं नाव पांघरून तोही झोपला होता. जागेपणी कुणाला न दिसणारा, आता लपायला जागा नसलेला.

"सापडला!" हर्षाली ओरडली. तिनं त्याला हाकललं. तो किती दिवस अक्षदाला पाहत होता?

"अरारा! मीच दाबली व्हती ती फाईल," सावळाराम म्हणाले. "उघडलीच न्हाई. पावण्यांनी शर्यतीचा ड्राइव्ह दिलावता. यात्रा झाली की फिरतोच की घरोघर!"

"बैलांची नजर काढता नि घरात नजर आणता!" साळुबाई फणकारल्या.

"मामा, तो ड्राइव्ह आता कुठं आहे?"

"गावातल्या भिकाकडं दिला. त्याची नात कॉम्प्युटरवरच अभ्यास करती."

हर्षालीनं मला मुठीत धरलं, टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि चप्पल घालता घालताच निघाली. पण आम्ही पोचेस्तोवर ड्राइव्ह भिकाकडूनही पुढं गेला होता.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत एखादी लेक एकटी कॉम्प्युटरसमोर बसत असेल. आज तिच्याकडं जा. तो दिवा आपोआप लागतो का, एवढं विचारा. आणि ती 'हो' म्हणाली, तर हसू नका.