शेवटच्या तुकड्याचा प्रस्ताव

"नेतृत्वाचा संघटनात्मक संस्कृतीवर होणारा परिणाम," इल्वानं मोठ्यानं वाचलं आणि चष्मा कपाळावर ढकलला. "गुनवर, पावसाचा ओलेपणावर होणारा परिणाम असाही एक संशोधन-प्रस्ताव लिही ना. दोन्ही एकदमच पाठवून देऊ."

गुनवर कागदांकडे बघत बसली. इल्वा विद्यापीठात प्राध्यापक होती आणि मूळची दक्षिणेकडची, त्यामुळे मनात येईल ते समोरच्याच्या तोंडावर फेकायची. आम्हा उत्तरेतल्या नोरविककरांना ही सवय नाही. आमच्याकडे एखाद्याचं घर पेटलं तर शेजारी दार वाजवून विचारतो, "तुला जरा धूर आल्यासारखं वाटतंय का? नाही, मलाच वाटत असेल."

"किती विद्वानांची नावं घातलीयस," इल्वा पानं उलटत म्हणाली. "परिवर्तनशील नेतृत्व, सहभागी नेतृत्व, सेवाभावी नेतृत्व... बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! यात तू कुठायस? तुमची ती पाण्याची कंपनी कुठाय? तुला नक्की कसला राग आलाय?"

"राग? मला कुठे राग आलाय?"

"राग आल्याशिवाय या वयात कुणी संशोधनाच्या भानगडीत पडत नाही."

गुनवर हसली, पण बाण वर्मी लागला होता. नोरविक नगरपालिकेच्या पाणी-कंपनीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पगार, रजा, भरती, निवृत्तीची भाषणं, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. चार वर्षांपूर्वी मुख्याधिकाऱ्याची जागा रिकामी झाली, तेव्हा ती आपल्यालाच मिळणार हे तिला माहीत होतं, आणि इतरांनाही माहीत असेल असं तिनं धरून ठेवलं होतं. मिळाली स्टॅफानला. स्टॅफानचा मोठा गुण असा की त्याला कुणाचाच विरोध नव्हता. विरोध करावा असं त्याच्यात काही सापडायचंच नाही! गुनवरनं त्याचं अभिनंदन केलं, केक आणला, आणि घरी जाऊन तळघरातली लाकडं अशी फोडली की नवरा वरून ओरडला, "अगं, उन्हाळा आहे!"

तेव्हापासून तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. जिथे कुणीच काही ठरवत नाही, तिथे सगळं ठरतं तरी कसं? हे सरळ लिहायचं सोडून ती विद्वानांच्या मागे दडून बसली होती. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय.

"शुक्रवार संध्याकाळ," इल्वानं कागद परत दिले. "एक धड प्रश्न आणि तुमच्या कंपनीची सही केलेली परवानगी. दोन वर्षं, सगळ्या मीटिंगांना बसायला मुभा, सगळ्यांच्या मुलाखती. वर्षअखेर मी निवृत्त होतेय आणि नोकरी करून संशोधन करणाऱ्यांची ही जागा माझ्याबरोबर जाणार. पुन्हा निघणार नाही. समजलं?"

समजलं होतं.

सोमवारी सकाळी तिनं स्टॅफानला गाठलं. तो लोकरी मोजे घालून खिडकीतल्या झाडाला पाणी घालत होता.

"अरे वा! फारच रोमांचक!" सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला. आमच्याकडे 'रोमांचक' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. कुत्रं बागेत घाण करून गेलं तरी ते रोमांचकच असतं.

"म्हणजे सही करतोस?"

"मी? एकट्यानं?" स्टॅफान दचकला. "तसं बरं नाही दिसणार. आधी सगळ्यांशी जरा बोलून घे. कुणाला काय वाटतं ते बघ. शुक्रवारच्या कॉफीला विषय काढू, तोवर सगळ्यांच्या मनात रुजलेलाही असेल."

"स्टॅफान, मुख्याधिकारी तू आहेस."

"हो ना," तो ओशाळून म्हणाला, "म्हणूनच तर."

झालं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. गुनवर आठवडाभर दारोदार हिंडली. पंपांचा कारभार बघणारा रोल्फ म्हणाला, "छान कल्पना आहे गं! सगळ्यांच्या मुलाखती मात्र कशाला? निम्म्यांच्या घे. निम्मे काय बोलतात ते बाकीच्या निम्म्यांना माहीतच असतं." हिशेब खात्यातली माय-ब्रिट म्हणाली, "माझा पूर्ण पाठिंबा! सगळ्या मीटिंगांना बसायचं म्हणजे मात्र लोकांना अवघडल्यासारखं होईल. एक आड एक बस ना." दुसऱ्या मजल्यावरच्यांना रेकॉर्डर नको होता. खालच्या मजल्यावरच्यांना हिवाळा नको होता, कारण हिवाळ्यात पाइप फुटतात आणि माणसं तेव्हा स्वतःसारखी वागत नाहीत.

"अरे, मला तेच तर बघायचंय!" गुनवर म्हणाली.

"म्हणूनच नको," खालचा मजला म्हणाला.

नाही कुणीच म्हणालं नाही. तसलं काही आमच्याकडे घडत नाही. प्रत्येकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, प्रत्येकानं हसून एक लचका तोडला. आणि सांगायला लाज वाटते, पण गुनवर दर वेळी मान डोलवत गेली. "हो हो, चालेल की. मला काय, कसंही चालेल." तिच्या आईनं तिला हे वाक्य दुधातून पाजलं होतं, आणि तिच्या आईला तिच्या आईनं.

गुरुवारी इल्वाचा फोन आला. "प्रश्न सापडला?"

"शोधतेय."

"परवानगी?"

"सगळ्यांचा पाठिंबा आहे."

"अरे देवा," इल्वा म्हणाली. "मग मेलीस तू."

शुक्रवारी कॉफीला सगळे लांब टेबलाभोवती बसले. माय-ब्रिटनं वेलदोड्याचा केक केला होता, त्यावर जाडसर साखर. पहिले तुकडे कसे भराभर उडाले! रोल्फनं तर दोन घेतले आणि तिसऱ्याकडे बघून पोट थोपटलं. मग बशीत एक तुकडा उरला, आणि टेबलाभोवती सगळ्यांना एकदम खिडकीबाहेरची हवा आवडायला लागली.

शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणी खात नाही. मरेल, पण खाणार नाही. फार तर सुरी उचलायची, त्याचा अर्धा करायचा, अर्धा आपण घ्यायचा आणि अर्धा सभ्यपणे ठेवून द्यायचा. मग पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा करतो. होता होता बशीत मुंगीचा घास उरतो, आणि कुणीतरी मग तो पक्ष्यांना टाकतो.

"तर, गुनवरचा तो रोमांचक विषय," स्टॅफान म्हणाला. "सगळ्यांशी बोलणं झालंय ना? आपण सगळे एकत्र मिळून पुढे जाऊ या."

"निम्म्या मुलाखती असं ठरलं होतं," रोल्फ म्हणाला, आणि त्यानं तुकड्याचा अर्धा केला.

"एक आड एक मीटिंग," माय-ब्रिट म्हणाली. आपलाच केक, तरी तिनं अर्ध्याचा अर्धाच घेतला.

"आणि दोन वर्षं म्हणजे जरा..." स्टॅफान चाचरला. "एक केलं तर? उन्हाळ्यानंतर सुरू करून? हिवाळ्याच्या आधी संपेल असं?" सुरी त्याच्या हातात आली होती, त्यानंही इमानदारीत कापलं. "म्हणजे सगळ्यांनाच सोयीचं. तुला कसं वाटतं, गुनवर?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले, मायेनं. खरंच मायेनं, त्यात खोट नव्हती. राग यावा असं एकाच्याही तोंडावर काही नव्हतं, आणि म्हणूनच तो जास्त येत होता.

"मला काय," गुनवरच्या तोंडातून निघालं, "कसंही—"

बोलता बोलता तिच्या हातानं सुरी उचलली होती. सवयच ती! तुकडा आता बोटाएवढा राहिला होता. तिनं सुरी त्याच्या बरोब्बर मध्यावर टेकवली आणि तिथेच थांबली. दोन वर्षांचं एक वर्ष, वर्षाचा एक शरद ऋतू, चाळीस माणसांची वीस, आणि आता यातलं अर्धं ती स्वतःच्या हातानं कापून ठेवणार होती. उद्या ते पक्षी खाणार!

गुनवरनं सुरी खाली ठेवली. तुकडा उचलला. आणि सगळ्यांच्या देखत अख्खा तोंडात टाकला.

माय-ब्रिटचा कप ओठांशी थांबला. रोल्फनं बशीकडे बघितलं, मग गुनवरकडे, मग परत बशीकडे. कुणी कपडे काढून टेबलावर चढलं असतं तरी एवढे चेहरे पडले नसते.

गुनवर चावत राहिली. केक कोरडा होता, गिळता गिळेना, आणि तिचे कान तापून लाल झाले होते. पण गिळल्यावर आवाज मात्र स्वच्छ निघाला.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "सगळ्या मीटिंगा. सगळ्यांच्या मुलाखती. रेकॉर्डर लावून आणि हिवाळ्यात. मला हे हवंय. कुणाचा विरोध असेल तर आत्ता सांगा, 'नाही' या शब्दात सांगा. 'रोमांचक' नको."

बाहेर बर्फ काढायची गाडी गेली. कुणी खाकरलं. नाही म्हणायचं म्हणजे सगळ्यांच्या देखत एकट्यानं म्हणायचं, आणि तेवढी छाती तिथे एकाचीही नव्हती.

"मग ठरलं," गुनवरनं पिशवीतून कागद काढून स्टॅफानसमोर सरकवला. "इथे सही कर."

स्टॅफाननं टेबलावरून नजर फिरवली. मदतीला कुणी येईना. त्यानं सही केली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "आपण सगळ्यांनी मिळून छान तोडगा काढला," तो म्हणाला.

"आपण नाही," गुनवर म्हणाली. "मी."

जागेवर जाऊन तिनं प्रस्ताव उघडला. विद्वानांची अख्खी पलटण पहिल्या पानावरून हाकलली आणि एकच वाक्य लिहिलं: जिथे शेवटचा तुकडा कुणीच घेत नाही, तिथे तो जातो कुठे, आणि त्यासाठी कोण उपाशी राहतं? खाली तिनं आजची कॉफी लिहून काढली, कापाकापीसकट, स्वतःच्या हातातल्या सुरीसकट. लिहिताना बोटं थांबत नव्हती. दुपारी तिनं ते परवानगीसह पाठवलं, आणि इल्वाचं उत्तर घटकेत आलं. "हा प्रश्न चावला. जागा तुझी."

गुनवरनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला नाचावंसं वाटत होतं, पण भिंती काचेच्या होत्या.

सगळे घरी जायला निघाले तेव्हा स्टॅफान तिच्या दारात येऊन उभा राहिला, मोज्यांतच.

"कसा होता?" त्यानं विचारलं.

"काय?"

"तुकडा."

"कोरडा ठणठणीत. सकाळपासून उघडा पडलेला."

"असं?" त्याला वाईट वाटलेलं दिसलं. "मला वाटायचं, शेवटचाच सगळ्यात चांगला असेल. मी कधी खाल्लाच नाही. साहेबानं घेतला तर लोक काय म्हणतील?" तो दाराच्या चौकटीशी चाळा करत राहिला. "आज तू 'मला हवंय' म्हणालीस ना, तसं चार वर्षांपूर्वी म्हणाली असतीस तर..."

"तर काय?"

"तर मी अर्जच केला नसता. आम्ही सगळे तुझ्याच अर्जाची वाट बघत होतो. रोल्फ, माय-ब्रिट, सगळेच. जागा भरायची मीटिंग झाली त्यात मी तुला विचारलंही, तुला कसं वाटतं? तू म्हणालीस, मला काय, कसंही चालेल. मग सगळ्यांना वाटलं, तुला नकोच आहे."

चार वर्षं! चार वर्षं ती या माणसाच्या नावानं लाकडं फोडत होती!

"मग कुणी सांगायचं नाही का मला?" ती ओरडली. या इमारतीत ती पहिल्यांदाच ओरडत होती. "एकानं तरी? मेल्यांनो!"

"कसं सांगणार?" स्टॅफान कळवळून म्हणाला. "तुला दडपण आल्यासारखं झालं असतं."

गुनवरला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं किती आणि कशाचं किती हे तिचं तिलाही कळेना. स्टॅफाननं खिशातून घडी केलेला कागदी रुमाल काढला. एकच होता. त्यानं तो फाडून अर्धा तिला दिला, मग स्वतःच्या हातातल्या अर्ध्याकडे बघितलं आणि तोही देऊन टाकला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "सोमवारी रोल्फ बन आणणार आहे. शेवटचा मी घेतला तर... म्हणजे, आधी सगळ्यांशी जरा बोलून घेऊ का?"

"नाही," गुनवर नाक पुसत म्हणाली. "नुसता उचल आणि खा."