सुभद्राबाईची वेगळी चूल

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात सुभद्राबाईचे हात मनगटापर्यंत काळे पडले. गळ्याभोवती करपल्यासारखा पट्टा उठला, जीभ लाल झाली, पोट बिघडलं. मंठाळच्या शिवारात तीस वर्षं मजुरी केलेली बाई, ऊन तिला नवं नव्हतं. पण आता ती शेताची वाटही चुकू लागली. आणि एक दिवस तिच्या मनानं घेतलं, सून जेवणातून काहीतरी घालते.

ती सुनेच्या, कमलबाईच्या पदरावर, डब्यांवर, वरणाच्या भांड्यावर नजर ठेवू लागली. शेवटी अंगणात तीन दगड मांडून तिनं वेगळी चूल केली. ज्वारीची भाकरी आपणच थापायची, मीठ-मिरचीशी खायची. घरातलं वरण नको, शेंगदाण्याची चटणी नको. तब्येत आणखी ढासळली, तेव्हा ती म्हणाली, पिठातच कालवलं असेल.

शेजारीण नागूबाईनं करणीचा विषय काढला. मुलगा भीमराज ताटावर बसला की बायकोच्या हातांकडं बघत राही. सासूला दवाखान्यात न्यायचंच, म्हणून कमलबाईच अडून बसली.

बसवकल्याणच्या डॉक्टरांनी हात बघून आधी खाण्याचं विचारलं. कमलबाईनं सांगितलं, मी बाळंत झाल्यापासून आत्या आपल्या वाट्याचं वरण, दूध मलाच सारायच्या. आणि आता तर नुसती भाकरी. डॉक्टर म्हणाले, नुसत्या ज्वारीवर राहिलं की हा रोग होतो. आधी कातडी, मग पोट, मग डोकं. एक जीवनसत्त्व कमी पडतं आणि मेंदू उपाशी राहतो. त्यांनी गोळ्या दिल्या. दूध, डाळ, शेंगदाणे, अंडी खायला सांगितली.

सुनेच्या हातची गोळी सुभद्राबाई घेईना. मग नागूबाई रोज येऊन देऊ लागली. आठवड्यात पोट सुधारलं, झोप लागली. महिन्याभरात सुभद्राबाई एकटी शेतावर जाऊन आली. दुसऱ्या सकाळी ती सुनेजवळ येऊन बसली.

"माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, बाई. मनात धरू नको."

"तुमचं डोकं आजारी होतं, आत्या," कमलबाई म्हणाली. "ह्यांचं तर चांगलं होतं न्हवं? मग हे कामून माझ्या हाताकडं बघत बसायचे?"

भीमराज दारातच होता. तो कुदळ उचलून कामाला गेला. कमलबाईनं सासूला वरण वाढलं. नवऱ्याशी मात्र ती पुढं कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली.