पन्नासांपैकी सत्तावीस

व्हॉलीबॉलचा सेटर किती पाण्यात आहे हे कळायला मला दहा मिनिटं पुरतात. ही बढाई नाही. बढाई मारण्यासारखं माझ्याकडे आता फार काही उरलेलं नाही. एका सरकारी उपक्रमात मी बावीस वर्षं क्रीडा अधिकारी होतो आणि खेळाडू निवडणं हेच माझं काम होतं. सत्त्याण्णव साली उपक्रमाने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि साहेबांनी एकेकाला खोलीत बोलावून आमची स्वेच्छा आम्हाला समजावून सांगितली. मी सही केली. पुढे गुडगावच्या एका कंपनीने मला बोलावलं. ही कंपनी मोटारींचे दिवे बनवायची. तेव्हा तिकडे रोज एक शेत विकलं जात होतं आणि रोज एक काचेची इमारत वर येत होती, आणि नव्या पैशाला नवे शौक सुचत होते. या लोकांना स्वतःचा व्हॉलीबॉलचा संघ हवा होता. निवडलेल्या पोराला पक्की नोकरी, राहायला खोली आणि सकाळ-संध्याकाळ सराव. निवड मी करायची.

सेटर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टाळ्या शॉट मारणाऱ्याला मिळतात. पण जाळीवर त्याच्यासाठी चेंडू हवेत उभा करतो तो सेटर. चेंडू हातात धरता येत नाही. आला तसा बोटांच्या टोकांनी पुढे धाडायचा असतो. मारणारा अजून जमिनीवर असतो, तेव्हाच तो उडी मारून जिथे पोहोचणार तिथे चेंडू पाठवायचा. म्हणजे रिकाम्या जागेवर विश्वास ठेवायचा. मारणारा वेळेवर आला नाही तर चेंडू धप्पकन खाली पडतो आणि बघणारे सेटरलाच हसतात.

पृथ्वीराजची आणि माझी पहिली भेट पानिपतला झाली, काला अंब या युद्धस्मारकापाशी. संक्रांतीला दिल्लीतली आम्ही मराठी मंडळी बस करून तिथे जातो. बाकीची जगातली माणसं जिंकलेल्या लढायांना जात असतील, आम्ही पोळीभाजीचे डबे बांधून हरलेल्या लढाईला जातो. माझी बायको नीला कोपर्निकस मार्गावर राज्य सरकारच्या अतिथिगृहात नोकरीला आहे, त्यामुळे बसमधल्या निम्म्या लोकांना ती नावाने ओळखते. तिनेच हवालदार संपतरावांची ओळख करून दिली. खटाव तालुक्यातले, दिल्ली कँटोन्मेंटमध्ये नोकरीची शेवटची दोन वर्षं. सोबत त्यांच्या पत्नी द्वारकाबाई आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेला एकुलता एक मुलगा, पृथ्वीराज. उंच, हाडकुळा, आणि हात असे की मी तिळगूळ देताना चेहऱ्याऐवजी बोटांकडेच बघत राहिलो.

संपतराव मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, गुडगावच्या टीमचं तुमच्याकडं आहे असं ऐकलं. पोरगा येतोय ट्रायलला. ऑगस्टात माझी पेन्शन होतीय, क्वार्टर सुटंल. त्याला ही नोकरी लागली तर लागली. गावाकडं त्याच्यासाठी काय नाय. पण सिफारिश नको आपल्याला. फक्त न्याय करा."

फक्त न्याय करा! मला ते वाक्य इतकं आवडलं की परतीच्या बसमध्ये मी ते नीलाला दोनदा ऐकवलं. दिल्लीत वीस वर्षं 'जरा देख लेना भाईसाब' ऐकून माझे कान किटले होते.

ट्रायल जानेवारीच्या अखेरीला झाली. धुकं वितळायला अकरा वाजले. सेटरच्या एका जागेसाठी अकरा पोरं आली होती. पहिल्या फेरीत मी नेहमीप्रमाणे सायकलची जुनी रिम बांबूला बांधून जाळीच्या वर डाव्या टोकाला उभी केली. प्रत्येकाने पन्नास चेंडू त्यातून काढायचे. बाकीच्यांत सगळ्यात चांगल्या पोराचे एकोणतीस गेले. पृथ्वीराजचे एक्केचाळीस. मी त्याला वाईट चेंडू दिले, पायाशी दिले, पाठीमागे दिले, धावायला लावलं. चेंडू कुठूनही येवो, त्याच्या बोटांतून निघाला की शहाण्यासारखा वळायचा आणि रिमकडे जायचा. असा सेटर मी बावीस वर्षांत दोनदा पाहिला होता, आणि ते दोघेही देशासाठी खेळले.

दुसरी फेरी खऱ्या मारणाऱ्यासोबत होती आणि निवड तिच्याच आकड्यांवर व्हायची होती. कंपनीने बलजीत नावाचा एक पट्टीचा मारणारा आधीच घेतलेला होता. तो सगळ्यांच्या चेंडूंवर शॉट मारणार आणि मी कागदावर मांडणार. माझा नियम ठरलेला होता. मारणाऱ्याला नीट मारता आलं तर टिक, नाहीतर फुली. मात्र चूक मारणाऱ्याची असेल तर तो चेंडू बाद. तो पुन्हा टाकायचा. चूक कोणाची, हे माझे डोळे ठरवणार. शंका आली तर खेळाडूच्या बाजूने, हेही ठरलेलं.

बलजीतचा मेहुणा सतबीर त्या अकरा जणांत होता हे मला माहीत होतं. पोरगा बरा होता, वाईट नव्हता. त्याचे पन्नासांपैकी एकतीस लागले, तोवरच्या सगळ्यांत जास्त. मग शेवटी पृथ्वीराज आला आणि तिसऱ्याच चेंडूला बलजीत अर्धा श्वास उशिरा उडाला. चेंडू त्याच्या हाताला चाटून खाली पडला. मी पेन्सिल उचलली, 'बाद' म्हणायला तोंडही उघडलं.

तेवढ्यात कंपनीचे मॅनेजर खुराना माझ्या खुर्चीशी येऊन उभे राहिले. हसत म्हणाले, "सबनीसजी, यह वाला आपका है ना? अपना मराठा!"

बास. एवढंच. त्यांच्या बोलण्यात टोमणाही नव्हता, गंमत होती. पण माझे कान तापले. मी फुली मारली.

इथे मला आमच्या जातकुळीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. जातकुळी म्हणजे दिल्लीतला नोकरदार मराठी माणूस. इथे जो तो आपल्या माणसाला हात देऊन वर ओढतो. आपण आपल्या माणसाला आधी दोन पायऱ्या खाली ढकलतो, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको, आणि मग त्याला तत्त्व म्हणतो. माझ्या वडिलांनी मला असंच वाढवलं, मीही त्याचा तोरा मिरवला.

बलजीत पुन्हा उशिरा उडाला. फुली. पुन्हा. फुली. पोरगा हुशार, त्याने ओळखलं आणि चेंडू जरा उंच, जरा सावकाश टाकू लागला, म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही मिळावा. तेव्हा बलजीत लवकर उडायला लागला आणि चेंडू येईपर्यंत खाली येऊ लागला. मला सगळं दिसत होतं. मी आंधळा नव्हतो, विकलाही गेलो नव्हतो. खुराना माझ्या खांद्यावरून कागदात बघत होते आणि मी त्यांना दाखवत होतो की बघा, सबनीस कसा आहे. पृथ्वीराज मधूनच वळून माझ्याकडे पाहायचा. तक्रार नाही, काही नाही. नुसता बघायचा आणि पुढच्या चेंडूसाठी हात वर करायचा.

पन्नासांपैकी सत्तावीस. तेवीस फुल्यांपैकी चौदा तरी त्याच्या नव्हत्या. ते चेंडू बाद करून पुन्हा टाकायला लावले असते तर तो चाळिशी गाठता. मी खाली सही केली आणि सतबीरचं नाव लिहिलं.

खुरानांनी कागद पाहिला आणि भुवया उंचावल्या. "कमाल है," ते म्हणाले. "मैं तो मान के बैठा था कि आप अपने वाले को ही लेंगे. मुझे क्या ऐतराज़ था? लड़का तो अच्छा लग रहा था."

तेव्हाही कागद फाडता आला असता. मी म्हणालो, "नंबर नंबर होते हैं, खुराना साहब."

घरी येऊन मी नीलाला सगळं रंगवून सांगितलं. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं नाही म्हणालो. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, "पण तो खेळला कसा?"

"तो प्रश्न नव्हता," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं. त्या रविवारी संपतराव मयूर विहारला आमच्या घरी आले. मला वाटलं, जाब विचारायला आले. तर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "न्याय केलात साहेब. पोराला सांगितलं मी, तू कमी पडलास, दुसऱ्याला दोष द्यायचा नाय." मी त्यांना चहा पाजला. सांगायला लाज वाटते, पण मला त्या दिवशी छान वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये संपतराव आणि द्वारकाबाई गावी गेले. पृथ्वीराज मागे राहिला, मुनिरक्याला दोन विद्यार्थ्यांबरोबर खोली घेऊन. एवढं मला उडत उडत कळलं होतं. पुढच्या मार्चमध्ये एक दिवस नीला कामावरून आली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली. म्हणाली, "संपतराव आले होते आज, खोली मिळेल का विचारायला. पृथ्वीराजचा हात गेला."

गुडगावला एका लहानशा वर्कशॉपमध्ये तो ठेकेदाराकडे लागला होता. पत्रा कापायच्या प्रेसवर. मशीनला हात अडवणारी जाळी होती, पण ती लावली की काम हळू होतं म्हणून काढून ठेवलेली. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला.

मी त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुनिरक्याला गेलो. अरुंद जिना, वर एक खोली, एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. द्वारकाबाई कोपऱ्यात स्टोव्हपाशी होत्या. संपतराव मला पाहून उठलेच, "साहेब, तुम्ही कशाला एवढं लांब," म्हणाले आणि माझ्यासाठी दूध आणायला खाली गेले. द्वारकाबाई धुणं वाळत घालायला गच्चीवर गेल्या. खोलीत आम्ही दोघंच उरलो. पृथ्वीराजने मांडीवर उशी घेऊन तिच्यावर हात ठेवला होता. पट्टी कोपरापर्यंत. टोकाला ती फार लवकर संपत होती.

मी तयारी करून गेलो होतो. "बाळ, त्या ट्रायलला तू कमी पडला नव्हतास. मी चुकीच्या फुल्या मारल्या. बलजीत मुद्दाम..."

"माहीत आहे, काका," तो म्हणाला. "तो लेट उडत होता. मी बॉल उंच दिले तर लवकर उडायला लागला. तुम्ही बघत होता. मला वाटलं, आता बाद म्हणाल. मग वाटलं, आता तरी म्हणाल."

"मग बोलला का नाहीस रे?"

"कुणाला बोलणार होतो?"

तिथे न्याय करायला मीच तर बसलो होतो. मी म्हणालो, "मी आज तुझ्या बाबांना सांगणार आहे. माझी चूक होती, हे त्यांना कळायलाच हवं. त्यांना वाटतं तू..."

"नाही काका, प्लीज." तो पहिल्यांदाच घाईने बोलला. "त्यांच्या युनिटचे कर्नलसाब कंपनीत फोन करायला तयार होते. त्यांची वरपर्यंत ओळख होती. बिल्कुल झालं असतं काम. बाबांनीच नको म्हटलं. म्हणाले, गरज नाही, तिथे सबनीससाहेब आहेत." त्याने डाव्या हाताने उशी सरळ केली. "त्यांना आता कळलं ना, तर ते हे स्वतःवर घेतील. मला जे व्हायचं ते झालं. तुम्ही त्यांना सांगू नका."

जिन्यावर पावलं वाजली. द्वारकाबाईही खाली आल्या. चहा झाला. संपतरावांनी माझ्या हातात कप दिला आणि स्वतः जमिनीवर टेकले. मग म्हणाले, "साहेब, एक विचारू? खरं सांगा, आता वाईट वाटायचं काय राहिलं नाय. पोराची आई म्हणती, तेव्हा आपण कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं. माझं मन रात्री तिथंच जातंय. त्या दिवशी पोरगा खरंच कमी होता का?"

द्वारकाबाई माझ्याकडे बघत होत्या. पृथ्वीराजही.

"हो," मी म्हणालो. "कमी पडला."

"लई कमी?"

"चार चेंडूंनी."

संपतरावांनी मोठा श्वास सोडला. किती महिन्यांनी सोडला असेल कोण जाणे. त्यांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऐकलंस? साहेब स्वतः सांगतायत. आपल्याकडून काय चुकलं नाय. तूच कमी पडलास, बाळा."

"हो बाबा," पृथ्वीराज म्हणाला.