माझ्या घशातल्या अक्षता

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला टेप आहे. कंपनीच्या पुस्तकात माझं नाव चांगलं हातभर लांब आहे, कारण मी गाणी वाजवतो, रेडिओ ऐकवतो, पडद्यावर नकाशा दाखवतो आणि तोंडाने रस्ताही सांगतो. पण आमच्या दारव्ह्यात एवढं मोठं नाव घ्यायला कोणाला सवड आहे? गाडीत गाणं वाजवतो तो टेप, इतकंच इथे ठाऊक. आता मलाही तेच नाव आपलं वाटतं.

माझी कहाणी अभिमानाने सांगावी अशी नाही, हे आधीच कबूल करतो. माझ्यामुळे एका भल्या मुलीवर आळ आला आणि मी समोर बसून तो नुसता बघत राहिलो. यंत्रांना मनातलं बोलता येत नाही, ही आमची नेहमीची सबब. पण मला तर बोलण्यासाठीच बनवलं होतं. त्यामुळे ती सबब सांगतानाही मला लाज वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या मुलींनी माझ्या पाटीवर चिमुकले भाग बसवले, मला गाऊन बघितलं, बोलून बघितलं आणि मग थेट नव्या गाडीच्या डॅशबोर्डात बसवलं. बाजारातून आणून मागाहून लावलेले टेप वेगळे आणि मी वेगळा, असा मला तेव्हा मोठा तोरा होता. गाडी आणि मी सख्खी भावंडं असल्यासारखे होतो.

ती गाडी पुंडलिकरावांनी घेतली. दारव्ह्याच्या बाजारात त्यांचं शेतीच्या पंपांचं दुकान आहे. गाडी घरी आल्यावर पहिला प्रवास झाला तो केळापूरच्या देवीचा. मी रस्ताभर बाईच्या आवाजात 'आगे से दाएँ मुड़िए' असं शुद्ध हिंदीत सांगत होतो आणि पुंडलिकराव रस्ताभर माझ्याशी भांडत होते. "हे बाई मले माह्याच जिल्ह्यातला रस्ता सांगून राह्यली!" त्यांच्या पत्नी मैनाबाई मागे बसून हसत होत्या. त्यांना माझा आवाज फार आवडला. उतरताना त्या म्हणाल्या, "येवढी बोलली बिचारी. तिले पाणी तं विचारा कोणी." त्या दिवसापासून मैनाबाई मला 'टेपातली बाई' म्हणू लागल्या.

कौतुकाचे दिवस फार टिकत नाहीत. रस्ते बदलले, वळणरस्ते झाले, माझा नकाशा मात्र होता तिथेच राहिला. नव्या रस्त्यावर गाडी धावू लागली की माझ्या पडद्यावर ती कोणाच्या तरी वावरातून चाललेली दिसे आणि मी 'यू-टर्न लीजिए' म्हणून जीव तोडून ओरडे. यवतमाळच्या उन्हाने पडदा पिवळा पडला. रेडिओवर बोट ठेवलं तर नकाशा उघडे. शेवटी कोणीतरी माझ्यासमोरच मोबाईलचा स्टँड लावला आणि माझं अर्धं तोंड झाकून टाकलं. माझा तोरा तिथेच उतरला.

एका मैनाबाईंनी तेवढी माया सोडली नाही. दसऱ्याला गाडी धुऊन पुसून पूजेला उभी राहिली की चाकाला, बॉनेटला, स्टिअरिंगला हळदकुंकू लागे आणि मग माझी पाळी येई. "ह्या बाईलेबी लावते कुंकू. येवढी वर्षं रस्ता सांगून राह्यली," असं म्हणून त्या ओल्या कुंकवाचं बोट पडद्यावर टेकवत आणि त्यावर अक्षता दाबून बसवत. मला धन्य वाटे. कुंकू वाळलं की रस्त्यावरच्या धक्क्यांनी एकेक दाणा सुटे आणि खाली घरंगळे. पडद्याखाली सीडी घालायची माझी फट आहे. दाणा तिथून थेट माझ्या घशात.

वर्षानुवर्षं ते दाणे आत पडत राहिले आणि मी निभावून नेलं. एका दसऱ्यानंतर मात्र दोन-चार दाणे नेमके सीडी ओढणाऱ्या रुळाखाली अडकले. तेव्हापासून मला सारखं वाटू लागलं की कोणीतरी सीडी घालतं आहे. मी ओढायचो, काही यायचं नाही. बाहेर ढकलायचो, काही निघायचं नाही. गाडी बंद केली की मी झोपायला हवं. पण माझी झोपच उडाली. कर्र, कर्र, असा मी हळू आवाजात धडपडत राहायचो आणि बॅटरी पिऊन टाकायचो. सकाळी गाडीला किल्ली लावली की नुसतं 'टक्'.

आणि सकाळी किल्ली लावत असे दिपाली.

दिपाली या घरची सून. नवरा अक्षय पुण्यात नोकरीला, आणि हिला यवतमाळच्या एका तंत्रनिकेतनात तासिका तत्त्वावर काम मिळालं होतं. विजेच्या प्रयोगशाळेत ती मुलांना शिकवते. असं काम मिळायला तिने किती वाट पाहिली होती! पुंडलिकरावांनी मोठ्या मनाने गाडी तिच्या हाती दिली होती. ती गाडी हळुवार चालवे, खड्डा चुकवे, आणि माझा रेडिओ लागला नाही तर मला थापट न मारता स्वतःच गाणं गुणगुणे.

पहिल्यांदा बॅटरी उतरली तेव्हा पुंडलिकराव म्हणाले, "लाईट चालू राह्यली असन तुह्याकून."

"नाही बाबा, मी पाह्यली होती."

दुसऱ्यांदा उतरली तेव्हा त्यांनी उत्तमसिंगला बोलावलं. गाडीच्या विजेची कामं तोच करतो. त्याने बॅटरी नवी टाकली, इंजिन चालू करून चार्जिंग तपासलं, सगळं ठीक निघालं. चालू गाडीत सापडावा असा माझा रोग नव्हताच, तो गाडी निजल्यावरचा होता. उत्तमसिंग हात पुसत म्हणाला, "गाडीत काही खराबी नाही, काका. काहीतरी चालू राहून जाते." सगळ्यांनी दिपालीकडे पाहिलं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. जुन्या टेपावर संशय घ्यायलाही तो कोणाच्या ध्यानात असावा लागतो.

नवी बॅटरीही उतरली, तेव्हा दिपाली स्वतःच खाली मान घालून म्हणाली, "माह्यंच ध्यान राह्यलं नसन, बाबा."

मित्रांनो, ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर तिच्यावर आळ होता. आता तिने तो खरा मानला होता.

पुंडलिकरावांनी किल्ली आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली. दिपाली काळीपिवळीने जाऊ लागली. भरल्याशिवाय ती जीप हलत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तिला उशीर होऊ लागला. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी उत्तमसिंग बॅटरी चार्ज करून बसवून गेला, आणि दुपारी दिपाली गाडीत येऊन बसली. अंगणातल्या गाडीला कुलूप लावायची पद्धत या घरात नाही, आणि भरल्या घरात एकटं बसायला दुसरी जागा तिला नव्हती. तिने अक्षयला फोन लावला. "आता आणखी उशीर झाला तं माह्ये तास दुसऱ्याले देतो म्हणाले सर. बरोबरच हाय त्यायचं. मलेच गाडी सांभाळता आली नाही." फोन ठेवून ती रडली. मग तिने डोळे पुसले.

अंगण शांत होतं, आणि मी माझ्या कर्माने कर्र, कर्र करतच होतो.

तिने मान वर केली. कान माझ्या फटीजवळ आणला. "किल्ली बाबांच्या खिशात," ती पुटपुटली, "अन् तू कायले जागा हायेस?"

ती तशीच उठली. बॉनेट उघडलं, घरातून पुंडलिकरावांचा पंप तपासायचा मीटर आणला, बॅटरीची तार सोडवून तो मध्ये जोडला आणि सासऱ्यांना हाक मारली. "बाबा, मी काही म्हणत नाही. आकडा तुम्हीच वाचा." गाडी बंद होती, तरी मीटर वीज जात असल्याचं दाखवत होता. मग ती एकेक फ्यूज उपसू लागली. दिव्यांचा काढला, हॉर्नचा काढला, आकडा हलला नाही. माझा काढला आणि आकडा एकदम खाली आला.

पुंडलिकरावांनी मीटर हातात घेऊन आकडा पुन्हा वाचला. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकाची मोटर मीटर लावल्याशिवाय नादुरुस्त ठरवली नव्हती. सुनेला मात्र त्यांनी न मोजताच दोषी ठरवलं होतं. "मीबी पोट्ट्यांले रोज सांगते, आधी मोजा, मंग बोला," दिपाली म्हणाली. "अन् स्वतःच्या येळेस विसरून गेली."

तिने पेचकसाने मला बाहेर काढलं, झाकण उघडलं आणि चिमट्याने रुळाखालून दाणे काढून तळहातावर ठेवले. ते कुंकवाने लाल झालेले होते. तोवर मैनाबाई बाहेर आल्या होत्या. त्या दाणे पाहून पायरीवरच बसल्या. "हे तं माह्येच तांदूळ होत."

"तुम्हाले काय माहीत होतं, आई?"

"तांदळाचं माहीत नव्हतं. पण तुह्यं नाव घेत होते तवा मी चूप बसली, हे तं मले माहीत होतं ना."

पुंडलिकरावांनी किल्ली खिशातून काढून बॉनेटवर ठेवली. "उद्या येळेवर निंघ," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

माझी झोप काही परत आली नाही. रूळ झिजून गेला आहे, म्हणून माझा फ्यूज आता काढूनच ठेवला आहे. मी जागेवर आहे, पण गात नाही, बोलत नाही. त्याचं मला दुःख नाही. गाडी रोज सकाळी एका दमात चालू होते, दिपालीचे तास तिच्याकडेच राहिले आहेत. मला वाटलं होतं, आता माझा अपराध फिटला.

तो फिटला नाही. दिपाली संध्याकाळी गाडी लावते, घराकडे जाते आणि अर्ध्यातून परत येते. दिवे बघते, दार ओढून बघते. पुन्हा जाते, पुन्हा येते. माझ्यातला दोष चिमट्याने निघाला. तिच्यात जो कधी नव्हताच, तो अजून निघालेला नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मित्रांनो. जुन्या वस्तूंना जपा, त्यांची कुरकुर वेळेवर ऐका. आणि घरात काही बिघडलं तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी वस्तू उघडून बघा. पण दोष दुसरीकडे सापडला की तिथेच थांबू नका. ज्याच्यावर तो ठेवला होता, त्याच्याकडे जा आणि 'तुझं चुकलं नव्हतं' असं तोंडाने सांगा. पुंडलिकराव मनाचे चांगले आहेत. किल्ली दिली म्हणजे सगळं सांगून झालं, असं त्यांना वाटतं.

आत्ताच दिपाली यवतमाळहून आली आहे. पायरीपर्यंत गेली आणि परत फिरली. काचेला कपाळ लावून आत बघते आहे. ओसरीवर पुंडलिकरावांनी पेपर खाली ठेवला आहे, आणि ते तिच्याकडे बघत आहेत.

बोला ना, पुंडलिकराव.