दीड वेढ्याने कमी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून मला काही सांगण्यासारखे असेल असे तुम्हाला वाटणार नाही. खरे तर मलाही तसे वाटत नाही. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी, तेलाच्या पिंपाशेजारी मी पडून आहे. मी एका गाडीच्या मागच्या डाव्या चाकावरची जुनी स्प्रिंग, आणि तीही पुरती नाही. माझा दीड वेढा कापून टाकलेला आहे. सांगताना पुढचे मागे झाले तर सांभाळून घ्या. आयुष्यभर मी वजन पेलले, बोलायची मला सवय नाही.

मी भट्टीतून आले. लालबुंद सळी एका फिरत्या दांड्याभोवती गुंडाळली, तेलात बुडवली, वर काळा रंग दिला, की झाले मी. मग एका यंत्राने मला दाबले आणि सोडले, पुन्हा दाबले आणि सोडले. दर वेळी मी होते तेवढीच उंच उभी राहिले. तपासणाऱ्या माणसाने खूश होऊन माझ्यावर खडूची रेघ ओढली. ती रेघ मला फार आवडली होती. गाडी पहिल्यांदा धुतली तेव्हाच ती गेली.

आमची गाडी एका शिंप्याने घेतली. ते शाळांचे गणवेश शिवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायको पूर्वीच वारलेली, घरात दोन मुले. मला फारसे काही दिसत नसे. खाली चाक, वर गाडीचे अंग आणि मध्ये मी. पण बोलणे ऐकू येई, आणि माणसे मला वजनावरून ओळखू येत. मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती. मोठी मुलगी चालवी. मागच्या सीटवर उजवीकडे गणवेशांचे गठ्ठे, आणि डावीकडे, म्हणजे नेमके माझ्यावर, मास्तर.

"बाबा, पुढे बसा की," मुलगी म्हणे.

"नको गं. पुढे बसलो की माझा पाय आपोआप मशीनचं पायडल मारायला लागतो. तू घाबरतेस."

मास्तर अंगाने भरलेले होते. ते बसले की मी चांगली दोन बोटे दबे आणि कुईं करे. धाकटा मुलगा हसायचा. त्याला घरात खारू म्हणत, कारण लहानपणी तो सगळे खिशात साठवून ठेवी. "बाबा, जरा हळू! गाडी रडते!" मास्तर म्हणत, "रडत नाही रे, या बसा म्हणते." ते बरोबर होते. मी तसेच म्हणत होते.

पुढे मुलीला, म्हणजे खारूच्या ताईला, दुसऱ्या गावी नोकरी लागली. तिचे लग्न झाले, तिला मुलगी झाली. खारू मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला होता. मास्तरांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"गाडी आता तुझी. रंगव, सजव, काय हवं ते कर. मला फक्त रविवारी ताईकडे नेऊन आण. छोटीला बघितल्याशिवाय मला आठवडा संपल्यासारखा वाटत नाही."

खारू वाईट मुलगा नव्हता, हे मी इथेच सांगून टाकते. पहिले काही महिने तो दर रविवारी नेई. मग त्याला काही मित्र भेटले. त्यांच्या गाड्या जमिनीला पोट टेकेल इतक्या खाली बसवलेल्या असत. चाके सरळ नसत. वरून आत कललेली, खालून बाहेर गेलेली, नुकते जन्मलेले वासरू पाय फाकवून उभे राहते तशी. या कलण्याला ते कॅम्बर म्हणत. जेवढा कॅम्बर जास्त, तेवढे नाव मोठे. खारूलाही आपली गाडी तशी हवी झाली.

या गॅरेजचे फिटरकाका आधी तयारच होईनात. "अरे, ही माणसं बसायची गाडी आहे. स्प्रिंग कापली की कापली. ते काय केस आहेत, महिन्याने वाढायला?"

"काका, तुम्ही कापा हो. चार बोटं तरी खाली आली पाहिजे."

"आणि तुझे बाबा?"

"बाबांनीच सांगितलंय, काय हवं ते कर."

ग्राइंडर फिरला. मला दुखले की नाही, ते आता आठवत नाही. एवढेच आठवते की मला पुन्हा गाडीखाली बसवले, तेव्हा मी जिथपर्यंत पोचायची तिथपर्यंत पोचत नव्हते, म्हणून गाडीच माझ्यापर्यंत खाली आली. मला चकचकीत लाल रंग दिला. चाके कलती केली. टायर आता फक्त आतल्या कडेवर पळू लागला. बाहेरून नवा दिसे, आणि आतून त्याच्या तारा उघड्या पडू लागल्या होत्या.

कौतुक मात्र खूप झाले. मोकळ्या मैदानात सगळ्यांच्या गाड्या ओळीने लागत. मुले जमिनीवर आडवी होऊन आमच्या चाकाच्या वरची फट बघत. "भाऊ, बोटसुद्धा जात नाही!" कोणी म्हणे, आणि खारूचा आवाज आनंदाने चिरके. कौतुक गोड असते, मित्रांनो. पण मी पेलण्यासाठी केलेली वस्तू, आणि माझी वाहवा होत होती ती गाडीत कोणी बसलेले नसताना.

पुढच्या रविवारी मास्तर डबा घेऊन मागे बसले. गाडी हलली आणि चाक वर मडगार्डला घासले. खर्रर्र!

"उतरा, बाबा, उतरा! रंग गेला असेल!"

"मध्ये सरकून बसू का?"

मध्ये बसूनही घासले. पुढे बसवले, तर गतिरोधकावर गाडीचे नाक आपटले. डबा मांडीवर धरून मास्तर रस्त्याच्या कडेला उभे राहिले असावेत, कारण त्यांचा आवाज बाहेरून आला. "असू दे. मी बसने जातो. बसमध्ये खिडकी मिळते."

"चालेल? मी मागून पोचतोच."

तो पोचला नाही. मैदानात रविवारीच सगळे जमत. पुढचे कितीतरी रविवार असेच गेले. एकदा खारू अंगणात गाडी धूत असताना मास्तर दारात उभे राहून ताईशी फोनवर बोलत होते. "अगं, तुझ्या भावाच्या गाडीत मी मावत नाही. जास्त जेवतो ना!" असे म्हणून ते हसले. खारूही हसला. नंतर मास्तरांचे बसने जाणेही कमी झाले. पाय भरून येतात, म्हणाले. तेवढ्यावर ते थांबले आणि कोणी पुढे विचारले नाही.

मग एका दुपारी अचानक ताई आली. घरात तिचा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. थोड्या वेळाने ती मास्तरांना धरून गाडीपाशी घेऊन आली. गाडी इतकी खाली होती की त्यांना आत बसवायला दोघांना वाकावे लागले.

"दवाखान्यात चल," ती खारूला म्हणाली. "हळू ने."

खारूने गाडी सुरू केली. तो खर्रर्रची वाट पाहत होता. मीही पाहत होते. गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली. चाक घासले नाही.

"घासलं नाही! ताई, बघितलंस? परवा काकांकडून मडगार्डची कड आत ठोकून घेतली ना, त्याचा फरक."

खरे कारण वेगळे होते. मला कळले होते. माझ्यावर मास्तर बसले होते, आणि मी जेमतेम अर्धे बोट दबले होते. एवढे वजन तर गणवेशांच्या एका गठ्ठ्याचे असे.

"चला," मास्तर म्हणाले, "मावलो एकदाचा तुझ्या गाडीत."

ताई रडायला लागली. "खारू, त्यांच्या पँटची शिवण बघ. शर्टाची बघ. दर महिन्याला स्वतःच आत घेत होते. अंगावर सगळं मापात बसायचं, म्हणून तुला दिसलंच नाही."

"कापड चांगलं होतं गं," मास्तर म्हणाले. "टाकून कुठे देणार?"

त्यानंतर खारूने गाडी पायी चालल्यासारखी नेली. तरी प्रत्येक गतिरोधकावर गाडीचे पोट खरवडत होते. प्रत्येक खड्डा माझ्यापर्यंत येत होता आणि माझ्यातून सरळ मास्तरांपर्यंत जात होता. मी धडपड केली. पण दीड वेढ्याने कमी असलेली स्प्रिंग दबत नाही, ती आपटते. दर वेळी वरून बारीक "आई गं" ऐकू येई, आणि लगेच "काही नाही, काही नाही, चालू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच खारू इथे आला. "काका, पहिल्यासारखी करा. डॉक्टर म्हणालेत, थोडं बरं वाटलं की घरी सोडू. घरी आणताना त्यांना त्रास नको व्हायला."

गाडी जुनी. तिच्या मापाच्या स्प्रिंगा चटकन मिळेनात. खारूने फोन केले, दुकाने पालथी घातली, मैदानातल्या मित्रांनाही विचारले. शेवटी कुठूनतरी त्या आल्या. पण त्याच्या आदल्या आठवड्यात मास्तर दवाखान्यातच वारले होते.

तरीही तो गाडी घेऊन आला. काकांनी मला काढून या भिंतीशी ठेवले, चाके सरळ केली, माझ्या जागी नवी स्प्रिंग बसवली. इतकी वर्षे मी ज्या गाडीखाली होते, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून नीट पाहिली. साधीच गाडी होती. उंच आणि रिकामी.

"मागे कोणीतरी बसा रे, उंची बघायची आहे," काका म्हणाले.

खारू डावीकडच्या दाराने आत जाऊन बसला. काकांनी वाकून चाकाच्या वरची फट पाहिली. "झालं. उतर."

तो उतरला नाही.

"अरे, उतर की."

"काका, मला एकदा दवाखान्याच्या रस्त्याने न्या ना. मी इथेच बसतो. मागे बसलं की किती हादरे लागतात, ते मला बघायचंय."

काकांनी फडक्याला हात पुसले, पुढे बसले, आणि गाडी फाटकातून बाहेर गेली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही गाड्या होतील. त्या खुशाल रंगवा, सजवा. माझी त्याला ना नाही. पण सजवून झाली, की मागचे दार उघडा आणि घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला आत बसवून खराब रस्त्याने एक फेरी मारून आणा. ते काय म्हणतात ते ऐका. आणि ते काहीच म्हणाले नाहीत, तर गाडी थांबवून मागे वळा आणि त्यांना विचारा.