गैरहजर माणसाचं काम

आमच्या गावाला शंभर वर्षं पुरी होणार होती आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला. गाव आपलं जागच्या जागी होतं, त्याला काय!

शताब्दी समिती वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायची. तिथे एक रीतच पडून गेली होती. काम निघालं की हजर असलेले सगळे टेबलाकडे बघत बसायचे. मग अध्यक्ष, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले साहेब, विचारायचे, "आज कोण नाही आलं?" जो आला नाही त्याच्या गळ्यात ते काम पडायचं. आमचे हे पाट्या रंगवतात. संध्याकाळी दुकान सोडून बैठकीला म्हणून कधी गेले नाहीत. त्यामुळे स्वागताची कमान ह्यांच्याकडे, व्यासपीठामागचा पडदा ह्यांच्याकडे, जुन्या रस्त्यांच्या पाट्याही ह्यांच्याकडेच. इतकंच काय, पाहुण्यांसाठी खुर्च्या जमवायचं कामसुद्धा!

अशात ह्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "शिडी बंद, धावपळ बंद. पुन्हा असं झालं तर मला शब्द देता येणार नाही." ह्यांनी मुकाट्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कमानीचं माप मागितलं.

मी रात्ररात्र जागून कंटाळले होते. म्हटलं, आता आपणच बैठकीला जायचं.

मला दारात बघून सगळे सावरून बसले. पंखा कुरकुरत होता आणि चहावर साय धरली होती.

"वहिनी, कशी आहे तब्येत?" अध्यक्षांनी विचारलं.

"तब्येतीची एवढी काळजी आहे ना? मग त्यांच्याकडची कामं काढून घ्या."

औषधवाल्याने चष्मा पुसायला घेतला. अध्यक्ष म्हणाले, "अहो, आम्ही मुद्दाम थोडंच दिलं? ते नसायचे, म्हणून..."

"आज त्यांच्या जागी मी आहे. आता विचारा, कोण नाही आलं?"

नेमके त्या दिवशी झाडून सगळे आले होते. इतकं समाधान मला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. फोटोवाल्याने कमान आणि रस्त्यांच्या पाट्या छापून आणायचं कबूल केलं. पडदा मुख्याध्यापिका बाईंनी घेतला. खुर्च्या औषधवाल्याकडे गेल्या, तेव्हा त्या मी त्याच्या डोक्यावरच रचल्यासारखा तो चेहरा करून बसला.

घरी पोचले तेव्हा पाय नुसते भरून आले होते. हे पलंगावर उशीला टेकून बसले होते.

"सुटलात एकदाचे," मी म्हटलं. "सगळं काढून घेतलं."

"कमान?"

"फोटोवाला छापून आणणार आहे."

"छापून?" त्यांनी पाठीमागची उशी सारखी केली. "आणि रस्त्यांच्या पाट्या?"

"त्याही."

"म्हणजे माझ्याकडे काहीच नाही."

"अहो, लादत होते ते तुमच्यावर! तुम्ही जायचा नाहीत, त्याचा फायदा घेत होते."

"मी मुद्दाम जायचो नाही," ते म्हणाले. "दुकानात संध्याकाळी काय असायचं? हल्ली सगळे छापूनच घेतात. समितीचं काम यायच्या आधी मी तिथे नुसता रेडिओ लावून बसायचो. चारचौघांत 'मला काम द्या' म्हणायला जीभ रेटेना. गेलं नाही की आपोआप यायचं."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. ह्यांचा राग आला, समितीचा आला आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. इतके दिवस मी शेजारणींना सांगत होते की ह्यांना कामातून मान वर करायला सवड नाही!

पुढच्या बैठकीच्या दिवशी मी चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि परत काढून ठेवल्या. मटार सोलत बसले.

"अगं, बैठक आहे ना आज?" आतून आवाज आला.

"असू दे. मला कंटाळा आलाय."

सकाळी अध्यक्ष दारात हजर. "वहिनी, काल तुम्ही नव्हता... छापणारा रस्त्यांच्या पाट्यांसारखी बारीक कामं घेत नाही म्हणतोय. तेव्हा त्या तुमच्या नावावर टाकल्यात."

"काय कटकट आहे!" मी म्हटलं, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

दुपारी पलंगाशेजारी टेबल ओढलं आणि पहिली पाटी घेतली. काना ओढला तो वाकडाच आला.

"काना सरळ घे. अगं, सरळ! रस्ता आहे तो, नाला नाही."

"मला नाही जमत."

"आण इकडे," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

डॉक्टर बाई शिडीबद्दल बोलल्या होत्या, धावपळीबद्दल बोलल्या होत्या. ब्रशाबद्दल मी त्यांना विचारलंच नव्हतं. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते. मी ब्रश त्यांच्या हातात दिला, पाटी मांडीवर ठेवली आणि त्यांच्या पाठीशी आणखी एक उशी लावली.